तांब्यावरची रेघ आणि मनुष्याचा चेहरा

मनुष्याचा चेहरा जसा रंगांनीं रंगवितां येतो, तसा तो केवळ रेघांनींहि उभा करतां येतो. या दुसऱ्या विद्येंत ॲम्स्टरडॅमचा चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या तोडीचे पुरुष थोडेच झाले. तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप द्यावयाचा, सुईनें तो खरवडून चित्र काढावयाचें, मग पत्र्यावर तेजाब सोडावयाचें. उघडें पडलेलें तांबें तेजाब खातें. वेळ जितका अधिक, तितकी रेघ खोल. त्या खांचांत शाई भरून, वरचा पत्रा पुसून, ओलसर कागदावर छाप घेतात. कोरणीनें काम करणाऱ्यास धातूशीं झुंजावें लागतें. सुईला अडथळा काय तो मेणाचा. म्हणून हाताची घाई, थबकणें, हळुवारपणा, सारें रेघेंत उतरतें.

१६५६ सालीं रेम्ब्रांटनें यान लुट्मा या वृद्ध रौप्यकाराचें असें चित्र केलें. शेजारीं मेजावर हातोडा व ठसे आहेत. अंगरख्याच्या ठायीं रेघा एकमेकींवर दाट पडल्या आहेत. कपाळावर त्या विरळ होऊन कागदाचा उजेड तसाच राहिला आहे. मिटूं पाहणाऱ्या डोळ्यांभोंवतीं थोड्या बारीक रेघा, आणि जन्मभराच्या नाजूक कामाचा शीण दिसूं लागतो.

श्रोतेहो, या विद्येची बहुतेक सामग्री पेशवाईच्या अखेरीस पुण्यास जमली होती. १७९१ सालीं मुंबईस आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकारानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं तैलचित्रें काढलीं. गंगाराम तांबट यानें १७९० सालीं पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा चितारला. पुढें वेल्सच्या हाताखालीं लेण्यांचींहि चित्रें काढलीं. तांब्यावर कोरणारे कारागीर तर पुण्यांत होतेच. ब्रिटिश वकील मॅलेट याच्या उत्तेजनानें नानांनीं तांबटाकडून भगवद्गीता पत्र्यांवर कोरविण्याचा उद्योग आरंभिला. पेण तालुक्यांतील गागोदें बुद्रुक येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत जिच्यावर प्रवचनें दिलीं, तीच ही गीता. तें काम १८०५ सालीं मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयानें सिद्धीस गेलें.

परंतु तोंवर काळ पालटला होता. १७९५ सालीं सवाई माधवराव व वेल्स दोघेहि निवर्तले. १८०० सालीं नाना गेले. १८१८ सालीं राज्यहि गेलें. नानांची मुद्रा आपणांस रंगांतून ठाऊक झाली. तांब्याच्या वांट्यास अक्षरें आलीं. लुट्मासारखा कारागीर आपल्या चेहऱ्यानिशीं तांब्यावर उतरला. मिरजेच्या तांबटाची ओळख मात्र त्यानें कोरलेल्या अक्षरांच्या वळणावरूनच करून घ्यावी लागते. रेघ कोरणाऱ्याचा हात सांगते, हें खरें असेल, तर ती ओळखहि लहान नव्हे.