पुलाच्या डावीकडची उर्दू

आमच्या भागात उर्दूचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा निजामाच्या कचेरीपाशी जाऊन थांबतं. त्याला कारणही आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू होती आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यमही उर्दूच होतं. सेलूच्या आसपासचा शेतकरी मात्र मराठी बोलायचा. त्यामुळे उर्दू म्हणजे वरून येणाऱ्या हुकुमाची भाषा, असं मनात बसलं. संस्थान गेलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी तो समज पुरता गेला नाही. आता त्यात आणखी एक भर पडली आहे: उर्दू म्हणजे फक्त मुसलमानांची.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हे दोन्ही समज भाषण देऊन निघत नाहीत, पण एखादी कथा नीट वाचली तर सैल होतात. कृष्ण चंदर (1914–1977) यांची ‘महालक्ष्मी का पुल’ ही तशी कथा आहे. जन्माने हिंदू असलेला हा लेखक आयुष्यभर उर्दूत लिहीत राहिला. आधी आकाशवाणीत, मग पुण्याच्या शालिमार पिक्चर्समध्ये काम करून तो मुंबईला आला आणि तिथेच वारला.

कथा शिकवताना आपण तीन गोष्टी पाहतो: स्थळ, पात्रं आणि निवेदक. स्थळ आहे मुंबईचं महालक्ष्मी स्टेशन. एका बाजूला रेसकोर्स, दुसरीकडे गिरणी कामगारांच्या चाळी, मध्ये रुळांवरचा पूल. पुलाच्या डाव्या कठड्यावर सहा जुन्या साड्या वाळत घातल्या आहेत. उजवीकडे वाळणारी लुगडी बऱ्या घरची. लेखकाने एका पुलावर अख्खं शहर उभं केलं आहे.

पात्रं म्हणजे त्या साड्यांच्या मालकिणी: शांताबाई, जीवनाबाई, मंजुला, एक म्हातारी माय. मंजुलाकडे लग्नातल्या साडीशिवाय दुसरी नाही, म्हणून विधवा झाल्यावरही तीच नेसावी लागते. म्हातारी माय गोळीबारात मारली जाते. ही नावं आणि ही लुगडी गिरणगावची आहेत, आणि त्यांची कहाणी उर्दूत लिहिलेली आहे.

खरी गंमत निवेदकात आहे. तुलनेसाठी मी ओ. हेन्री या अमेरिकन कथाकाराची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ (1905) घेतो. डेलाकडे फक्त 1 डॉलर 87 सेंट आहेत आणि नवऱ्याला भेट द्यायची आहे. तिथेही गरिबी वस्तूंतून दिसते: केस, घड्याळ, कंगवे. निवेदक मायाळू आहे, वाचकाशी गप्पा मारतो, पण तो त्या घरात राहत नाही. गोष्ट सांगून तो निघून जाऊ शकतो. कृष्ण चंदरचा निवेदक जाऊ शकत नाही, कारण सहापैकी एक साडी त्याच्या बायकोची, सावित्रीची आहे. लेखकाने आपला ‘मैं’ चाळीतल्या माणसाला देऊन टाकला आहे.

हे एकट्याचं काम नव्हतं. त्याच काळात, त्याच गिरणगावात बार्शीचे शाहीर अमर शेख मराठीत गात होते. मुसलमान घरातल्या या माणसाने अण्णा भाऊ साठे यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आवाज दिला. कृष्ण चंदरची उर्दू आणि अमर शेखांची मराठी, दोन्ही पुलाच्या डाव्याच बाजूला उभ्या होत्या. भाषा कोणत्या धर्माची, हा प्रश्न तिथे कुणी विचारत बसलं नाही. ती कुणाच्या बाजूने बोलते, एवढंच पाहिलं गेलं.

कथेच्या शेवटी पंतप्रधानांची गाडी न थांबता निघून जाते. मुलांना मी एक काम देतो: हीच कथा त्या गाडीच्या खिडकीतून लिहा. स्थळ तेच राहतं, साड्याही राहतात, पण बायकांची नावं गळून पडतात. निवेदक बदलला की काय हरवतं, हे मुलांना मग व्याख्येविना कळतं.

मराठवाड्याचा इतिहासही आपण फार काळ खिडकीतूनच ऐकला आहे, कधी कचेरीच्या, कधी सभेच्या व्यासपीठावरून. त्यात सुभेदार आहेत, रझाकार आहेत, नेते आहेत. कचेरीबाहेर अर्ज लिहून घ्यायला बसलेला मराठी शेतकरी आणि त्याच्याच शेजारी बसलेला गरीब मुसलमान कारागीर फारसे नाहीत. दोघांनाही तो कागद वाचता येत नसे. त्यांची नावं अजून काही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहेत. मित्रांनो, ती विचारून घ्या, आणि उर्दूत असो वा मराठीत, लिहून ठेवा.