दिसूनही न ओळखलेली लक्षणे : लोहाच्या कमतरतेचा इतिहास

१/
जालना जिल्ह्याची आजची ओळख पोलादाची. येथील कारखान्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार होतात आणि दूरदूरच्या इमारतींत जातात. याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ धावडा हे गाव आहे. टनांनी लोखंड घडवणाऱ्या या जिल्ह्यातल्या माणसाला स्वतःच्या शरीरासाठी लागते ते अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह. स्त्रीच्या शरीरात तर त्याहूनही कमी असते. एवढेसे लोह उणे पडले की जी लक्षणे दिसतात, ती माणसाने फार पूर्वीच पाहिली होती. मात्र पाहणे आणि ओळखणे यांत शेकडो वर्षे गेली.

२/
आधी थोडे शरीरशास्त्र. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते आणि त्याच्या केंद्रस्थानी लोह. फुप्फुसांतला प्राणवायू स्नायूंपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचतो तो याच्या आधारे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडल्यावर शरीर तिच्यातले लोह जपून पुन्हा वापरते. रोज बाहेर जाते ते जेमतेम १ मिलिग्रॅम. परंतु मासिक पाळीत हा व्यय वाढतो आणि एका गरोदरपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. हा ताळेबंद स्त्रियांच्या बाबतीतच अधिक वेळा तुटीचा का ठरतो, याचे कारण येथे आहे.

३/
मराठीत या तुटीला फार जुने शब्द आहेत. ‘अंगात रक्त नाही’, ‘पांढरीफटक पडली’ ही वाक्ये धावड्याच्या ओसरीवर जितकी सहज उच्चारली जातात, तितकीच कोकणातल्या पडवीत. ‘पांढरा’ हा शब्द संस्कृत ‘पांडुर’ वरून आला. आणि आयुर्वेदाने या आजाराला नाव दिले तेही ‘पांडुरोग’. म्हणजे रोगाचे नावच त्याच्या सर्वांत ठळक लक्षणावरून पडले.

४/
चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १६ वा अध्याय पांडुरोगावर आहे. त्यातील लक्षणांची यादी आजच्या वैद्यालाही ओळखीची वाटेल. थकवा, भोवळ, कानांत आवाज होणे, अन्नावरची वासना उडणे, थंडी सहन न होणे, केस गळणे, डोळ्यांभोवती सूज, चिडचिड, बोलण्याचाही कंटाळा, पोटऱ्यांत गोळे येणे आणि चढ चढताना होणारा त्रास. अशा रुग्णाला हा ग्रंथ ‘अल्परक्त’ म्हणतो. रक्त मोजण्याचे कोणतेही साधन हाती नसताना केलेले हे निरीक्षण आहे.

५/
त्याहून विलक्षण बाब म्हणजे पांडुरोगाच्या पाच प्रकारांपैकी एक प्रकार माती खाण्याशी जोडलेला आहे. माती, खडू, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा हे आज लोहाच्या कमतरतेचे एक महत्त्वाचे लक्षण मानले जाते. प्राचीन वैद्यांनी माती हे कारण मानले. आधुनिक वैद्यक ही ओढ बहुधा कमतरतेचा परिणाम समजते. दिशा उलटी असली, तरी या दोन गोष्टी एकमेकींसोबत येतात हे त्यांनी अचूक हेरले होते.

६/
उपचारही लक्षात घेण्याजोगे. याच अध्यायात ‘नवायस’ हे लोहयुक्त चूर्ण येते आणि ‘मंडूर’ही येते. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना, गंजलेला कीट. हिमोग्लोबिन हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधी पांडुर माणसाला लोह द्यावे, हे अनुभवाने ठरले होते.

७/
आता वैद्याकडून कवीकडे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील तिसऱ्या सर्गाच्या आरंभी दिलीप राजाची गरोदर राणी सुदक्षिणा दिसते. शरीर थकल्यामुळे तिने मोजकेच अलंकार घातले आहेत. तिचा चेहरा लोध्राच्या फुलासारखा फिकट झाला आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात तिच्या मुखाला मातीचा सुगंध येतो, कारण ती माती खाते. थकवा, फिकटपणा आणि मातीची ओढ ही तिन्ही लक्षणे दोन श्लोकांत सलग आली आहेत.

८/
सुदक्षिणेला पांडुरोग होता, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. ती काव्यातली राणी आहे. महत्त्वाचा आहे तो तिच्याकडे पाहणारा डोळा. वैद्याला ज्या गोष्टी रोगाच्या खुणा वाटतात, त्याच कवीला आणि राजाला गर्भिणीचे सौंदर्य वाटतात. ‘डोहाळे’ या लाडक्या शब्दाने मराठी घरांनीही मातीची ओढ अशीच कौतुकात गुंडाळली. लक्षण दिसत होते, पण त्याचा अर्थ आधीच ठरून गेलेला होता.

९/
युरोपात हेच घडले. १५५४ मध्ये योहानेस लांगे या जर्मन वैद्याने एका पत्रात तरुण मुलींच्या आजाराचे वर्णन केले : फिका चेहरा, जिना चढताना धाप, अन्नाचा तिटकारा. पुढे त्याला हिरवट कांतीवरून ‘क्लोरोसिस’ म्हणू लागले. त्याची कारणे शोधली गेली ती कौमार्यात आणि विरहात. लांगेचा सल्लाही लग्न करण्याचाच होता. मुलगी काय खाते आणि तिचे किती रक्त जाते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

१०/
उत्तर हळूहळू लोखंडाकडे सरकले. १७ व्या शतकात इंग्लंडचा टॉमस सिडनम या रोगावर लोखंड देऊ लागला. १८ व्या शतकात बोलोन्याच्या विन्चेंझो मेंघिनीने रक्त जाळून उरलेल्या भुकटीवर लोहचुंबक धरला आणि तिचे कण चुंबकाकडे ओढले गेले. रक्तात लोखंड असते, हे डोळ्यांना दिसले. १८३२ मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्लोने लोहाच्या गोळ्यांचा गुण प्रसिद्ध केला. त्या गोळ्या पुढे युरोपभर गाजल्या.

११/
हा केवळ स्त्रियांचा आजार, ही समजूत मोडली ती डोंगराच्या पोटात. आल्प्समधील सेंट गॉटहार्ड बोगदा खोदणारे धट्टेकट्टे मजूर फिकट पडू लागले, धापा टाकू लागले. १८८० च्या सुमारास त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले. मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून ते अनवाणी पायांवाटे शरीरात शिरत आणि आतड्यात रक्त पीत. शेतात अनवाणी काम करणाऱ्या भारतीय मजुरालाही हाच धोका होता. पायात चप्पल आणि घरात शौचालय असणे हादेखील रक्त वाचवण्याचा उपाय आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

१२/
दरम्यान रक्त मोजण्याची साधने आली. १८७८ मध्ये विल्यम गॉवर्सने आणि १९०२ मध्ये स्विस वैद्य हेर्मान साली याने हिमोग्लोबिन मोजण्याची सोपी उपकरणे बनवली. सालीची काचनळी भारतातल्या छोट्या दवाखान्यांतही अनेक दशके वापरात राहिली. ‘फिकट दिसते’ या शब्दांच्या जागी आता आकडा आला.

१३/
या इतिहासातले एक निर्णायक पान महाराष्ट्रात लिहिले गेले. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी तेव्हा सुरू होती आणि तिच्यात रक्तक्षयाचा वाटा शोधण्याचे काम विल्सकडे होते. तिची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेत होती, म्हणजे गिरणगावातच. रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबांच्या चाळी आजूबाजूला पसरलेल्या होत्या.

१४/
विल्स प्रयोगशाळेत बसून राहिली नाही. तळपदे या सहकाऱ्याबरोबर तिने मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. गरोदर स्त्रियांच्या एका गटाच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या होत्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिकट होतात. म्हणजे बाहेरून दिसणारा फिकटपणा तोच असला, तरी रोग वेगळा होता. हा रोग गरिबीच्या ताटात दडलेला असावा, असा संशय बळावत गेला.

१५/
तिने प्राण्यांना त्या स्त्रियांसारखाच निकस आहार देऊन पाहिले. निरनिराळी जीवनसत्त्वे वापरून पाहिली. अखेरीस गुण आला तो यीस्टपासून बनवलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थाने. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष जाहीर केले. त्यातील अज्ञात घटकाला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ मध्ये अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले.

१६/
मुंबईच्या या प्रकरणाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. पहिली, फिकट चेहरा म्हणजे दर वेळी केवळ लोहाचीच कमतरता नव्हे. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ उणे असेल, सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार असेल, तरी चेहरा तसाच दिसतो. दुसरी, ज्या अशक्तपणाला ‘बाईचा जन्म आहे, चालायचेच’ म्हणून सोडून दिले जाते, त्याला कारण असते आणि उपायही असतो.

१७/
१९७० मध्ये भारत सरकारने पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक आम्ल यांची एकत्रित गोळी मिळू लागली. आज आशाताई किशोरवयीन मुलींना निळी आणि गरोदर स्त्रियांना लाल गोळी देतात. धावड्यातल्या एखाद्या घरात ती गोळी पोचते, तेव्हा तिच्यात चरकाच्या मंडुराची आणि परळच्या प्रयोगशाळेची अशी दोन्ही परंपरा एकत्र आलेल्या असतात.

१८/
तरीही आकडे चिंताजनक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. ज्या गावात दर दुसरी बाई थकलेली असते, तेथे थकवा हे लक्षण राहतच नाही. तो स्वभाव ठरतो, आळस ठरतो, वयाचा परिणाम ठरतो. कापूस वेचताना जिला धाप लागते, तिची तुलना शेजारच्या सरीतल्या बाईशी होते. आणि तिलाही तशीच धाप लागलेली असते.

१९/
म्हणून ही लक्षणे नावानिशी माहीत असणे आवश्यक आहे :
• खालची पापणी ओढल्यावर आतला भाग गुलाबीऐवजी फिकट दिसणे. तसेच तळहात, नखे आणि जीभ फिकी पडणे
• थोड्या श्रमाने धाप, छातीत धडधड, भोवळ
• झोप होऊनही न जाणारा थकवा, अभ्यासात लक्ष न लागणे
• माती, खडू, पेन्सिल किंवा बर्फ खाण्याची ओढ
• नखे ठिसूळ होणे, चमच्यासारखी खोलगट होणे
• ओठांच्या कोपऱ्यांत चिरा, जिभेची आग, केस गळणे

२०/
सावळ्या कांतीवर चेहऱ्याचा फिकटपणा सहज कळत नाही; म्हणून पापणी, तळहात आणि जीभ पाहायची. आणि डोळ्यांना दिसते ते अखेरचे पान असते. शरीर आधी साठवलेले लोह संपवते, हिमोग्लोबिन नंतर घसरते. हा साठा दाखवणारी रक्तातील फेरिटिनची चाचणी १९७२ पासून उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये सांगितलेली हिमोग्लोबिनची मर्यादा स्त्रियांसाठी १२ आणि गरोदर स्त्रियांसाठी ११ ग्रॅम प्रति डेसिलिटर अशी होती. लक्षण दिसल्यास तपासणी करून कारण शोधावे. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळले, तर पोटात कोठे रक्तस्राव होतो आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घेणे अत्यावश्यक असते.

२१/
उपाय मराठवाड्याच्या ताटात आहेत, पण जोडी जुळावी लागते. बाजरी, डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. क जीवनसत्त्व सोबत असले की ते अधिक शोषले जाते. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. जेवणासोबत तिची फोड किंवा लिंबाची पिळ पुरेशी होते. जेवणाला लागून घेतलेला चहा मात्र हे शोषण रोखतो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आज्यांना यातले बरेच काही ठाऊक होते. एकदा रक्तक्षय जडला की केवळ आहाराने भागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या पूर्ण मुदत घ्याव्या लागतात. त्यांनी शौच काळी होते, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

२२/
चरकाने चढावर थकणारा माणूस पाहिला, कालिदासाने फिकट राणी पाहिली, लांगेने जिन्यावर धापणारी मुलगी पाहिली. विल्सने त्यापुढे जाऊन त्या स्त्रीच्या घरात काय शिजते आणि तिच्या वाट्याला किती येते, हे विचारले. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणारी बाई आजही अनेक घरांत आहे. तिची खालची पापणी ओढून पाहायला अर्धे मिनिट लागते. आणि ते काम घरातल्या कोणालाही करता येते.