गुडघा सांधेरोपणातील कर्तनसाधने

गुडघा सांधेरोपणातील कर्तनसाधने म्हणजे झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविताना त्वचा, मऊ ऊती व हाड कापण्यासाठी वापरली जाणारी उपकरणे होत. त्यांत शस्त्रक्रियेची सुरी, विद्युतप्रवाहाने ऊती कापणारी कॉटरी, हाड कापणारी दोलक करवत, तिला दिशा देणारे धातूचे साचे, ‘बर’ नावाची फिरती कोरणी आणि अलीकडच्या काळातील रोबोटिक बाहू यांचा समावेश होतो. रुग्ण किती लवकर व कितपत पूर्ववत होतो, यावर या साधनांचा परिणाम मुख्यतः तीन मार्गांनी होतो: कापताना निर्माण होणारी उष्णता, छेदाचा सपाटपणा व अचूकता, आणि हाडाभोवतालच्या ऊतींना होणारी इजा. पहिल्या दोन बाबींचा संबंध कृत्रिम सांधा वर्षानुवर्षे घट्ट राहण्याशी अधिक आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतील वेदना व चालण्याची क्षमता मात्र मुख्यत्वे तिसऱ्या बाबीवर अवलंबून असते.

साधनांचा विकास

हाड कापण्यासाठी एकोणिसाव्या शतकापर्यंत साधी हातकरवत व छिन्नी हीच प्रमुख साधने होती. जर्मनीतील बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाताने फिरविण्याची साखळी-करवत तयार केली, तर इटलीतील लिओनार्दो जिली यांची तारेची करवत १८९४ पासून प्रचारात आली. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी हस्तिदंती बिजागरीचा कृत्रिम गुडघा बसविला होता. पण तशा सांध्याला छेदाच्या बारीक अचूकतेची फारशी गरज नव्हती.

आज वापरात असलेल्या दोलक करवतीचे तत्त्व प्लास्टर कापण्याच्या यंत्रात सापडते. अमेरिकन अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी १९४० च्या दशकात असे यंत्र विकसित केले. त्याचे पाते गोल फिरत नाही, तर काही अंशांच्या कोनात अतिशय वेगाने पुढेमागे हलते. सैल त्वचा पात्याबरोबर हलते व सहसा कापली जात नाही; कठीण पदार्थ जागचा हलत नाही, म्हणून कापला जातो. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल व सहकाऱ्यांनी ‘टोटल कॉन्डायलर’ हा कृत्रिम गुडघा वापरात आणला. अशा सांध्यांसाठी हाडाचे टोक ठरावीक कोनांत सपाट कापणे आवश्यक झाले आणि करवतीइतकेच महत्त्व तिला दिशा देणाऱ्या साच्यांना आले.

हाडावरील छेद

नेहमीच्या संपूर्ण सांधेरोपणात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर पाच छेद घेतात: टोकाला एक, पुढे एक, मागे एक आणि त्यांच्यामधील कडा तिरप्या करणारे दोन. नडगीच्या हाडावर एक आडवा छेद पुरतो. वाटीच्या आतील पृष्ठभागावर आणखी एक छेद घ्यायचा की नाही, याबाबत शल्यविशारदांत मतभेद आहेत. काढल्या जाणाऱ्या हाडाची जाडी सामान्यतः ८ ते १० मिलिमीटर असते. ‘गुडघा बदलणे’ या रूढ शब्दप्रयोगामुळे संपूर्ण सांधा कापून टाकतात असा समज होतो. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांवर नवे आवरण चढविले जाते.

उष्णता

दोलक करवतीचे पाते मिनिटाला दहा हजारांहून अधिक वेळा हलते. घर्षणामुळे पाते व हाड दोन्ही तापतात. स्वीडनमधील एरिक्सन व आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडांवरील प्रयोगांतून दाखविले की, सुमारे ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले, तरी हाडाच्या ऊतीला इजा होते. हा आकडा आजही मर्यादा म्हणून उद्धृत केला जातो. तो दंतरोपणाच्या संदर्भातील संशोधनातून आलेला आहे, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

तापून मृत झालेला हाडाचा थर शरीर हळूहळू शोषून घेते व त्या जागी नवे हाड तयार करते. बोन सिमेंटने बसविलेल्या सांध्यात सिमेंट सच्छिद्र हाडात काही मिलिमीटर खोल शिरलेले असते. त्यामुळे वरच्या पातळ थराची हानी काही प्रमाणात सोसली जाते. सिमेंटविना बसविलेल्या सांध्यात मात्र जिवंत हाडाने धातूच्या खडबडीत पृष्ठभागात वाढत जाणे अपेक्षित असते, म्हणून तेथे उष्णतेचा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

उपाय साधे आहेत. धारदार पाते वापरणे, पात्यावर जोर न देणे, कापताना मध्ये थांबणे आणि पात्यावर सलाइनची धार सोडणे यांमुळे तापमान कमी राहते. बोथट पाते कमी कापते व जास्त घासते. त्यावर जोर दिला की उष्णता आणखी वाढते. एकाच पात्याचा पुन्हा पुन्हा वापर टाळण्यामागे जंतुसंसर्गाच्या भीतीइतकेच हेही कारण आहे. स्वनातीत कंपनांवर चालणारी साधने मऊ ऊतींना कमी इजा करतात, म्हणून ती जबड्याच्या व मणक्याच्या शस्त्रक्रियेत रुळली आहेत. गुडघ्यातील रुंद छेदांसाठी ती फार संथ ठरतात.

सपाटपणा व अचूकता

डोळ्यांना सपाट दिसणारा छेद मोजला असता उंचसखल आढळतो. स्वीडनमधील लुंड येथील सोरेन टोक्सविग-लार्सन व लायफ रीड यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी नडगीच्या छेदांची अशी मोजमापे घेतली. धातू व हाड यांच्यात फट राहिली, तर चालताना कृत्रिम भाग सूक्ष्म प्रमाणात हलतो. ही हालचाल सुमारे १५० मायक्रोमीटरच्या पुढे गेली, तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. असा सांधा पुढे सैल होऊन दुखू लागतो व क्वचित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

पाते वाकण्याची शक्यता कठीण हाडात जास्त असते. धनुष्याकृती पाय झालेल्या रुग्णांत गुडघ्याच्या आतील बाजूचे हाड वर्षानुवर्षे भार घेऊन कठीण झालेले असते, तर बाहेरील बाजूचे मऊ राहते. एकाच छेदात पाते मऊ भागातून सहज जाते आणि कठीण भागावर वर चढते. नडगीचे हाड ७० मिलिमीटर रुंद धरले, तर एका अंशाची चूक म्हणजे दोन कडांमध्ये सुमारे १.२ मिलिमीटरचा फरक होय. साच्यातील खाच पात्याच्या जाडीशी तंतोतंत जुळणारी असावी लागते. रुंद खाचेत पातळ पाते डगमगते.

अशा चुकांचे महत्त्व किती, यावर मतभेद आहेत. पायाचा अक्ष सरळ रेषेपासून तीन अंशांच्या आत असावा, हा दीर्घकाळ मान्य असलेला दंडक होय. परंतु मेयो क्लिनिकमधील शल्यविशारदांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या १५ वर्षांच्या पाठपुराव्यात, या मर्यादेत बसलेले सांधे मर्यादेबाहेरच्या सांध्यांपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले नाही. त्यामुळे अक्षाचा अचूक कोन हेच यशाचे एकमेव माप मानणे कठीण झाले आहे.

मऊ ऊती व सुरुवातीची वेदना

दोलक पाते सैल ऊतीला सहसा कापत नाही, हा नियम गुडघ्यात पुरता लागू होत नाही. कारण गुडघा वाकविलेला असताना अस्थिबंध ताणलेले असतात व पात्याबरोबर हलू शकत नाहीत. आतील बाजूचा पार्श्व अस्थिबंध या कारणाने कधीकधी कापला जातो. गुडघ्यामागील मोठी धमनी नडगीच्या हाडाच्या मागील कडेपासून फार दूर नसते. तिला इजा होणे अत्यंत दुर्मीळ असले, तरी झाल्यास पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून कापताना हाडामागे धातूचे आकडे धरून ऊती दूर ठेवतात. केवळ टोक हलणारी व बाकीचा भाग स्थिर ठेवणारी पातीही याच कारणाने आली.

तरीही पहिल्या महिन्यातील दुर्बलतेचे मूळ प्रामुख्याने करवतीत नसते. सांध्यात शिरण्यासाठी मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायूच्या कंडरेवर सुरीने छेद द्यावा लागतो, आणि सूज व वेदनेमुळे मेंदूकडून त्या स्नायूला मिळणारी चेतनाही मंदावते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर सुमारे एका महिन्याने या स्नायूची ताकद आधीच्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी घटलेली आढळली. स्नायू बारीक होण्यापेक्षा तो पूर्णपणे आकुंचित करता न येणे हे त्याचे मोठे कारण होते. जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना जाणवणारी असमर्थता येथून येते. तिच्यावरील उपाय म्हणजे वेदनाशमन व नियमित व्यायाम; करवत बदलून ती फारशी कमी होत नाही.

रोबोटिक साधने

‘रोबोडॉक’ हे यंत्र १९९२ मध्ये प्रथम खुब्याच्या शस्त्रक्रियेत वापरले गेले. ते ठरविलेल्या आराखड्यानुसार हाड स्वतः कोरत असे. आज प्रचलित असलेल्या अनेक यंत्रांत करवत शल्यविशारदाच्याच हाती असते. रोबोटिक बाहू तिला आखलेल्या सीमेबाहेर जाऊ देत नाही. ‘रोबोट शस्त्रक्रिया करतो’ हे जाहिरातींतील वाक्य त्यामुळे दिशाभूल करणारे आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील २०१८ च्या अभ्यासात रोबोटिक बाहूच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झालेल्या ४० रुग्णांची तुलना नेहमीच्या पद्धतीच्या ४० रुग्णांशी करण्यात आली. पहिल्या गटात वेदना व वेदनाशामकांची गरज कमी होती आणि रुग्णालयातील सरासरी वास्तव्य १०५ तासांवरून ७७ तासांवर आले. मात्र रुग्णांची गटांत विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. दक्षिण कोरियातील यादृच्छिक चाचणीचे दहा वर्षांहून अधिक काळाच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत रोबोडॉक व नेहमीची पद्धत यांच्यात गुडघ्याच्या कार्यक्षमतेत किंवा सांध्याच्या टिकाऊपणात फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतील यंत्रे वेगवेगळी असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि, सुरुवातीच्या दिवसांतील लाभ पुढे टिकतोच, असे गृहीत धरता येत नाही, एवढे यांवरून म्हणता येते.

भारतात गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. ही मर्यादा रोपणांपुरती आहे, यंत्राच्या वापराच्या शुल्काला ती लागू नाही.

गुडघा वाकणे

मांडी घालून किंवा उकिडवे बसता येईल का, हा भारतीय रुग्णांचा नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काही अंशी मागील छेदाशी निगडित आहे. मांडीच्या हाडाच्या मागील बाजूने पुरेसे हाड कापले गेले नाही, किंवा तेथील हाडाची अनैसर्गिक वाढ वाकड्या छिन्नीने काढली गेली नाही, तर गुडघा वाकताना मागे अडतो. जास्त कापले गेल्यास वाकलेल्या स्थितीत सांधा सैल पडतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, याचा सर्वांत चांगला अंदाज शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता यावरूनच बांधता येतो. पुरेसा वाकणारा गुडघा लाभला, तरी प्लॅस्टिकच्या भागाची झीज टाळण्यासाठी जमिनीवर बसणे टाळावे, असा सल्ला बहुतेक शल्यविशारद देतात.