पोराचा तीरकामठा आणि सरकारचे कायदे

आज पिकाचं नाही, बांबूचंच पण जरा वेगळं लिहितो.

बांबूची एक फाक, थोडी दोरी आणि विळा, एवढ्यावर लहान पोराचा तीरकामठा तयार होतो. खेळणं साधं आहे, पण यात सरकारांनी किती लक्ष घातलंय ते वाचलं की नवल वाटतं.

इंग्लंडात राजा आठवा हेन्री याच्या काळात, 1541 साली कायदा झाला. घरात 7 ते 17 वयाचा मुलगा असेल तर बापानं त्याला एक धनुष्य आणि दोन बाण द्यायचेच. लोक पत्ते, फासे खेळत बसतात आणि नेमबाजी विसरतात, ही राजाची तक्रार. लढाईला तिरंदाज लागत आणि ते एका वर्षात तयार होत नाहीत. याच राजाचं 'मेरी रोज' जहाज 1545 ला बुडालं. ते 1982 मध्ये वर काढलं. त्यातून शंभरावर अखंड धनुष्यं मिळाली, सगळी यू नावाच्या झाडाच्या लाकडाची. अशी धनुष्यं ओढायला गडी लहानपणापासूनच घडवावा लागायचा.

तो कसा घडवत, हे ह्यू लॅटिमर या धर्मगुरूनं 1549 साली राजापुढच्या प्रवचनात सांगितलं. त्याचा बाप शेतकरी, तोही खंडानं जमीन कसणारा. शंभर मेंढरं, आणि आई 30 गाई पिळायची. हा बाप पोराला वयाप्रमाणं, ताकदीप्रमाणं धनुष्य आणून द्यायचा. पोर वाढलं की धनुष्य मोठं. नुसत्या हातानं न ओढता अंगाचा जोर कसा लावायचा, तेही शिकवायचा. आपण वासराला एकदम जड औताला जुंपत नाही, तसंच हे.

आता आपल्याकडं या. सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. भिल्ल हे नावच धनुष्य या अर्थाच्या द्राविडी शब्दावरून आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. 1818 ला खानदेश इंग्रजांकडं गेला, भिल्लांचे उठाव झाले आणि 1825 ला इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभी केली. पुढं 1878 चा शस्त्र कायदा आला. त्यात बंदूक, तलवार, भाल्याबरोबर धनुष्यबाणही नाव घेऊन शस्त्रांत धरला. ज्या देशात बापानं पोराला धनुष्य दिलंच पाहिजे असा हुकूम होता, त्याच देशाच्या राज्यात इथल्या माणसाचं धनुष्य संशयाचं झालं.

बांबूही सुटला नाही. 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाडात धरलं. त्यामुळं स्वतःच्या रानातला बांबू तोडायला, वाहायलाही बऱ्याच ठिकाणी परवानगीची भानगड होती. 1959 च्या शस्त्र कायद्यानं निव्वळ खेळणी आणि फक्त शेतीच्या कामाच्या वस्तू व्याख्येबाहेर ठेवल्या. 2017 मध्ये जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. म्हणजे बांधावरचा बांबू आणि पोराचं खेळणं, दोन्ही मोकळं व्हायला एवढी वर्षं लागली.

आता करायचा कसा ते सांगतो. दोन-तीन वर्षांचा पक्का, जाड भिंतीचा मानवेल घ्या. कोवळा घेतला तर वाकलेलाच राहतो. उभा चिरून अंगठ्याएवढ्या रुंदीची फाक काढा, लांबी पोराच्या उंचीएवढी. बांबूचे चिवट धागे सालीकडं दाट असतात आणि ताण बाहेरच्या बाजूवर येतो. म्हणून साल बाहेर ठेवा, तिला विळा लावू नका. तासायचं ते आतून. मधली मूठ जाड ठेवून दोन्ही टोकांकडं सारखं निमुळतं करत जा. मधूनमधून वाकवून बघा. एक बाजू कमी वाकली तर तिथंच थोडं तासा. पोराला न थरथरता ओढता आलं पाहिजे, हेच माप. कुसळ राहू नये म्हणून कडा घासून घ्या.

बाण बोरूचा करा, टोकाला कापडाचा बोंडा घट्ट बांधा. अणकुचीदार टोक नको. माणूस, जनावर, पाखरू यांच्यावर नेम धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय हातात देऊ नका. बाण न लावता दोरी सोडायची नाही, धनुष्य मोडतं. खेळ झाला की दोरी उतरवून ठेवा.

राजस्थानातले लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्यावरच शिकले. पुढं तीन ऑलिंपिक खेळले आणि 2012 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आपलं पोर तिथवर जाईल न जाईल, पण बापानं त्याच्या ताकदीचं माप घेऊन केलेली वस्तू त्याच्या हातात राहील. पुढच्या वर्षी पोर वाढेल, तेव्हा नवी फाक काढा.

तुमच्या भागात याला काय म्हणतात आणि कोणत्या लाकडाचा करतात, ते जरूर कळवा.