नेचे ओळखण्यासाठी कोणता ग्रंथ घ्यावा?
निलगिरीत नेचे ओळखायला निघालात, तर पहिले नाव ऐकाल ते रिचर्ड बेडोम यांचे. मद्रासच्या वनखात्यातील या लष्करी अधिकाऱ्याने १८६३-६४ मध्ये दक्षिण भारतातील नेच्यांचा सचित्र ग्रंथ काढला. १८८३ ची त्यांची हस्तपुस्तिका मात्र ब्रिटिश हिंदुस्थान, सिलोन आणि मलाया अशा सगळ्यांसाठी आहे. दोन्हींत मी पहिला निवडेन. हिमालयापासून मलायापर्यंतच्या जाती चाळत बसलात, तर तुमच्या दरीत कधीच न उगवणाऱ्या नेच्याचे नाव सहज चिकटते.

चित्रे आजही कामाची आहेत. शिरा कशा जुळतात, बीजाणूंचे पुंजके कोठे बसतात, ते त्यांत नीट दिसते. नावे मात्र तशीच उचलू नका. बेडोम यांच्या ‘नेफ्रोडियम’मधील कित्येक जाती आता क्रिस्टेलासारख्या प्रजातींत, वेगळ्या कुळात गेल्या आहेत. त्यासाठी मणिक्कम व इरुदयराज यांचा पश्चिम घाटावरील १९९२ चा ग्रंथ शेजारी ठेवा. मुंबई इलाख्यासाठी ब्लॅटर व डी’अल्मेडा यांचे १९२२ चे पुस्तक आहे.

पान घेताना आधी उलटून पाहा. बीजाणू नसतील, तर यांतला कोणताही ग्रंथ फारशी मदत करणार नाही.