मूनलाइट ग्रॅहॅमचे स्क्रँटन

आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहॅम 29 जून 1905 रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून बेसबॉलचा एकच सामना खेळला. शेवटी शेवटी उजव्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. फलंदाजीची पाळी आलीच नाही. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (1989) या चित्रपटाने ही हुरहुर जगभर नेली. कनिष्ठ दर्जाच्या, म्हणजे मायनर लीगमधली त्याची वर्षे मात्र कुणी विचारत नाही. मला स्क्रँटनचा ग्रॅहॅम अधिक मोलाचा वाटतो. 1906 साली तिथे त्याची सरासरी .336 होती, म्हणजे तीन संधींत जवळपास एक यशस्वी फटका. (बेसबॉलात दहात तीन म्हणजे उत्तमच!) वैद्यकीची पदवी हाताशी असूनही तो 1908पर्यंत खेळला. मग मिनेसोटातल्या चिझम या लोहखाणींच्या गावात शाळकरी मुलांचा डॉक्टर झाला.