दक्षिणेचा रॉक : म्युनिकचे एक घराणे

'सदर्न रॉक' म्हटले की अमेरिकेचा दक्षिण भाग आठवतो. १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला ऑलमन ब्रदर्स बँड उभा राहिला, पुढे त्याने जॉर्जियातील मेकनला मुक्काम हलवला, आणि ब्लूज, जॅझ व कंट्री यांच्या मिश्रणातून लांबलचक, फुलत जाणाऱ्या वादनाची एक धाटणी रूढ झाली. त्याच १९६९ मध्ये आपल्या जर्मनीच्या दक्षिणेत, म्युनिकमध्ये, 'एम्ब्रियो' हा बँड सुरू झाला. अमेरिकेच्या दक्षिणेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी लिहिणार आहे ते या दुसऱ्या दक्षिणेविषयी, कारण तिची वाट थेट भारतात जाते.

एम्ब्रियोचे संस्थापक ख्रिस्तियान बुर्खार्ड आणि एडगर होफमान. बुर्खार्ड यांचा जन्म १९४६ चा, बव्हेरियातल्या होफ गावचा. ड्रम आणि व्हायब्रोफोन ही त्यांची वाद्ये. युद्धानंतर वाढलेल्या या पिढीपुढे एक अडचण होती. वडिलांच्या पिढीचे संगीत जसेच्या तसे उचलावे, तर त्यामागे नाझी काळाची सावली. इंग्लंड-अमेरिकेची नक्कल करावी, तर त्यात स्वतःचे काय? १९६८ च्या विद्यार्थी चळवळीनंतर अनेक जर्मन तरुणांनी म्हणूनच तिसरी वाट शोधली. इंग्रजी पत्रकारांनी त्याला काहीशा थट्टेने 'क्राउटरॉक' म्हटले आणि तेच नाव टिकले. एम्ब्रियोची 'ओपल' ही पहिली ध्वनिमुद्रिका १९७० ची. १९७६ मध्ये त्यांनी बर्लिनच्या 'टोन श्टाइने शेर्बेन' आणि इतर काही बँडना सोबत घेऊन स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवले 'एप्रिल'. पण त्या नावावर एका बड्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा 'श्नेबाल', म्हणजे बर्फाचा गोळा, असे नवे नाव घेतले. नफ्यातोट्याची जबाबदारी वादकांचीच.

१९७८ मध्ये ही मंडळी बसने भारताकडे निघाली. त्याच सुमारास मी पीएच. डी. साठी पुण्याहून विमानाने इकडे आलो. अर्थात तेव्हा मला त्यांचा पत्ता नव्हता आणि त्यांना माझा! त्यांचा रस्ता तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा होता. वाटेत जिथे थांबले तिथे ते स्थानिक वादकांबरोबर वाजवत गेले, काबूलमध्येही वाजवले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथल्या तारखा महत्त्वाच्या वाटतात. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये सत्तापालट झाला होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणची राजवट कोसळली. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. युरोपातून भारतात रस्त्याने जाण्याची ती जुनी वाट त्यानंतर जवळजवळ बंदच झाली. वाट मिटत असताना तिच्यावरून गेलेल्या या प्रवासाची नोंद 'एम्ब्रियोज रायझे' (१९७९) या ध्वनिमुद्रिकेत आणि वेर्नर पेन्झेल यांच्या 'व्हागाबुंडन काराव्हाने' (१९८०) या चित्रपटात राहिली आहे.

भारताच्या दक्षिणेशी मात्र त्यांचा संबंध प्रवासापुरता राहिला नाही. बोस्टनचे सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, जे पुढे कोलोनवासी झाले, दक्षिण भारतात नादस्वरम् शिकले होते. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ मध्ये बंगळुरूला 'कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन' स्थापन केले. त्यांच्या पत्नी आर. ए. रमामणी गायिका. ही सारी मंडळी एम्ब्रियोबरोबर 'लाइफ' (१९८०) मध्ये एकत्र आली. एम्ब्रियोतून बाहेर पडलेल्या काही वादकांनी १९८१ मध्ये 'डिसिडेंटन' हा बँड काढला, आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 'जर्मनिस्तान' याच बंगळुरूच्या कलावंतांसोबत झाली. मृदंगाचे बोल आणि विजेवरची गिटार शेजारी शेजारी ऐकायची असतील तर तिथून सुरुवात करावी.

हे ऐकताना मला मिरज आठवते. उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. ते म्हैसूर दरबारी गायले, कर्नाटक संगीतातले पुष्कळ आत्मसात केले आणि मिरजेत स्थायिक झाले. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर किराणा घराण्याच्या अग्रणी गायिका ठरल्या. आज आपण ज्याला 'शुद्ध' किराणा गायकी म्हणतो, तिच्यातही अशी दूरची धूळ आहे.

हे लिहिताना थोडा संकोचही वाटतो. काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात मुलांनी ढोल-ताशाजवळ ड्रमसेट मांडला, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत मी पुढे होतो. 'हे आपले नव्हे', असे मी मोठ्याने म्हणालो. मुलांनी ड्रमसेट निमूटपणे आवरून ठेवला. त्यातला एक मुलगा पुढच्या वर्षी आलाच नाही. चाळीस वर्षे इतिहास शिकवलेल्या माणसाला किराण्याचा इतिहास त्या दिवशी आठवू नये, याची खंत आजही आहे.

ख्रिस्तियान बुर्खार्ड यांचे जानेवारी २०१८ मध्ये निधन झाले. त्याआधीच, २०१६ पासून, एम्ब्रियोची सूत्रे त्यांची कन्या मार्या यांच्याकडे आली होती. त्या लहानपणापासून याच वादकांत वाढल्या आणि वडिलांचेच वाद्य, व्हायब्रोफोन, वाजवतात. पण २०२१ ची 'आउफ आउफ' ही ध्वनिमुद्रिका वडिलांची नक्कल नाही, आणि ती काढली कॅलिफोर्नियाच्या हिपहॉप निर्माते मॅडलिब यांच्या कंपनीने. वारसा मिळाला म्हणजे तीच तबकडी पुन्हा लावायची, असे या घरात कुणी मानलेले दिसत नाही.

आपल्या मंडळातील दुसऱ्या पिढीला म्हणून एक विनंती. पुढच्या गणेशोत्सवात ड्रमसेट आणा. ढोलाच्या शेजारी जागा मी स्वतः करून देईन. फक्त ताशाचा ठेका आधी नीट शिकून घ्या. बुर्खार्डही आधी ऐकायला बसले होते.